रंग उमटला, पण कशाचा?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर काही दिवसांतच रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती आणखी एक अहवाल पडतो. त्यावर ‘ईआर’, ‘पीआर’ आणि ‘हर-टू’ अशी तीन संक्षिप्त नावे असतात आणि प्रत्येकापुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा एकेक शब्द. पाच वर्षे रोज एक स्वस्त गोळी घेऊन रोग आटोक्यात ठेवायचा, महागडे इंजेक्शन द्यायचे, की केवळ केमोथेरपीवर भिस्त ठेवायची, याचा बराचसा निर्णय या तीन शब्दांवर अवलंबून असतो. विजापूर रस्त्यालगत विस्तारत गेलेल्या जुळे सोलापूरसारख्या वसाहतीत दवाखाने, औषधांची दुकाने आणि नमुने गोळा करणारी केंद्रे आता घराजवळ आली आहेत. मात्र, शहरातील असो वा पुण्या-मुंबईची, प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालातील शब्द कसा ठरला, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

हा प्रश्न आज विचारण्यास एक तातडीचे कारण आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आणि त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षात सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. केमोथेरपीसाठी दर पंधरवड्याला किंवा तीन आठवड्यांनी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांचे हाल पाहता या निर्णयाचे स्वागतच करावयास हवे. परंतु औषध जिल्ह्यात येणे ही निम्मी गोष्ट झाली. कोणत्या रुग्णाला कोणते औषध, हे ठरवणारी चाचणी तितकीच भरवशाची नसेल, तर चुकीचे औषध अधिक सोयीने मिळू लागेल एवढेच.

प्रतिपिंड नावाचे मोजमाप

शरीरातील पेशींच्या आवरणावर किंवा आतील केंद्रकात काही विशिष्ट प्रथिने असतात. बाहेरून आलेला संदेश झेलणे हे त्यांचे काम. त्यांना ‘रिसेप्टर’ म्हणतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, तो इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजेच अहवालातील ‘ईआर’. कर्करोगाच्या पेशींत तो असेल, तर त्या पेशींना वाढण्यासाठी इस्ट्रोजेनचा आधार मिळत असतो. तो आधार टॅमॉक्सिफेनसारख्या गोळीने काढून घेता येतो. रिसेप्टर नसेल तर ती गोळी व्यर्थ. ‘हर-टू’ हा पेशीच्या आवरणावरील दुसरा रिसेप्टर. तो प्रमाणाबाहेर असेल तर १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडते.

रिसेप्टर डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकालाही ओळखता येत नाही. त्यासाठी प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी वापरतात. प्राण्याच्या शरीरात बाहेरचे प्रथिन टोचले, की त्याची रोगप्रतिकारक यंत्रणा नेमक्या त्याच प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड तयार करते. एकाच घडणीचे प्रतिपिंड हवे तितके बनविण्याची युक्ती जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधली आणि त्याबद्दल १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. गाठीच्या तुकड्याचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर प्रतिपिंड सोडायचे आणि ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक व्यवस्था करायची, असे या चाचणीचे स्वरूप आहे. चादरी आणि टॉवेलांच्या या शहराला कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला भेद समजावून सांगण्याची गरज नाही. इथे मात्र प्रश्न रंगाच्या पक्केपणाचा नसून, तो नेमका कोणत्या धाग्याला लागला, याचा आहे.

प्रतिपिंडाने अपेक्षित रिसेप्टरऐवजी त्याच्यासारख्याच भासणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला मिठी मारली, तरी रंग तसाच उमटतो. काचपट्टीकडे पाहून तो भेद कळत नाही. म्हणूनच प्रतिपिंडाकडे निव्वळ रसायन म्हणून पाहणे चुकीचे ठरते. ते एक मोजमाप आहे आणि कोणतेही मोजमाप वापरण्यापूर्वी पारखून घ्यावे लागते.

दोन दशकांचा चकवा

ही पारख न केल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण इस्ट्रोजेन रिसेप्टरच्याच घराण्यात सापडते. १९९६ मध्ये स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ऑके गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारचा इस्ट्रोजेन रिसेप्टर शोधून काढला. त्याला ‘बीटा’ असे नाव मिळाले आणि अहवालातील परिचित ईआर ‘अल्फा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बीटाचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध, याचा शोध घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा सरसावल्या. बाजारात बीटासाठीची प्रतिपिंडे आली आणि ती वापरून निबंधामागून निबंध प्रसिद्ध झाले. कोणाला तो स्तनाच्या गाठीत भरपूर आढळला, कोणाला जेमतेम; कोणी त्याला रुग्णाच्या दृष्टीने शुभचिन्ह ठरवले, तर कोणी नेमके उलट. वाद मिटेना. प्रत्येक जण समोरच्याच्या निष्कर्षावर शंका घेत होता. साधनावर शंका घेणारे मोजकेच होते.

अखेर २०१७ मध्ये स्वीडनमधीलच शास्त्रज्ञांच्या एका गटाने बीटासाठी वापरली जाणारी १३ प्रतिपिंडे एकाच कसोटीवर घासून पाहिली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता. १३ पैकी केवळ एक प्रतिपिंड खऱ्या अर्थाने बीटालाच ओळखत होते. त्या एका प्रतिपिंडाने ४४ प्रकारच्या निरोगी आणि २१ प्रकारच्या कर्करोगग्रस्त ऊती तपासल्या, तेव्हा बीटा वृषण, अंडाशय आणि लसिका पेशींमध्ये आढळला. स्तनाच्या ऊतीत, निरोगी असो वा रोगग्रस्त, त्याचा पुरावा मिळाला नाही. ज्या गोष्टीच्या प्रमाणावरून दोन दशके वाद घालण्यात आला, ती त्या जागी असल्याचाच पुरावा उरला नाही.

हा अपवाद म्हणून सोडून देता आला असता, तर बरे झाले असते. परंतु रक्तातील तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या रिसेप्टरबाबतही असेच घडले. तो कर्करोगाच्या पेशींत असल्याचे दाखवणाऱ्या अनेक अभ्यासांत वापरलेले एक प्रतिपिंड प्रत्यक्षात उष्णता-ताण प्रथिनाला चिकटत असल्याचे २००६ मध्ये दाखवण्यात आले. कर्करोगाच्या रुग्णाला रक्तक्षयावर हे औषध द्यावे की नाही, हा प्रश्न त्या अभ्यासांशी जोडलेला होता. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथील गटाने पुढाकार घेऊन मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीची ६१४ व्यावसायिक प्रतिपिंडे तपासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका ना एका वापरात नापास ठरली. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर निबंध अशा नापास प्रतिपिंडावर उभे असल्याचेही दिसून आले. समाधानाची बाब इतकीच की, या पाहणीत उत्पादक कंपन्या सहभागी होत्या. नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडे त्यांनी बाजारातून मागे घेतली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. अर्थात, जी कसोटी आधी लावायला हवी होती ती विक्रीनंतर लागली, हे यातून लपत नाही.

ही कसोटी तत्त्वतः सोपी आहे. पेशीतील त्या रिसेप्टरचे जनुकच काढून टाकायचे आणि मग प्रतिपिंड सोडून पाहायचे. रिसेप्टर नसतानाही रंग उमटला, तर प्रतिपिंड खोटे बोलत आहे. जनुक-संपादनाच्या आजच्या तंत्रामुळे अशा पेशी तयार करणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. शिवाय, ज्याची जनुकीय रचना पूर्णपणे ज्ञात आहे अशी ‘रिकॉम्बिनंट’ प्रतिपिंडे प्राण्यांच्या रक्तातून मिळवलेल्या जुन्या प्रतिपिंडांपेक्षा सरस ठरत आहेत, कारण त्यांची प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच असते. अडचण तंत्राची नसून, पारख करण्यासाठी वेळ आणि पैसा कोणी द्यायचा, ही आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या उशाशी

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. संशोधनासाठीची प्रतिपिंडे आणि रुग्णाच्या निदानासाठीची प्रतिपिंडे ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यांच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. दुसरी अधिक कडक तपासणीतून जातात. ईआर-अल्फासाठीची निदानाची प्रतिपिंडे अनेक वर्षांच्या वापरातून आणि रुग्णांच्या प्रत्यक्ष अनुभवातून पारखली गेली आहेत. तेव्हा बीटाच्या कथेवरून आपल्या हातातील अहवालही खोटाच असेल, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. टॅमॉक्सिफेनची उपयुक्तता निर्विवाद आहे. ईआर-पॉझिटिव्ह रुग्णांनी ती सुमारे पाच वर्षे घेतल्यास पंधरा वर्षांतील स्तन-कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखवून दिले आहे.

मात्र, चांगले मोजमापही चुकीच्या हाती फसवे ठरते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतातील प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. १९९७ ते २००५ या काळात तेथील सरकारी प्रयोगशाळेने केलेल्या ईआर आणि पीआर चाचण्यांपैकी ‘निगेटिव्ह’ ठरलेले नमुने पुन्हा तपासले असता साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचे निकाल चुकीचे असल्याचे उघड झाले. ज्या गोळीचा त्यांना लाभ झाला असता, ती त्यांना देण्याचा विचारच झाला नव्हता. काही जणी फेरतपासणी होण्यापूर्वीच दगावल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला, तेव्हा कोणा एका व्यक्तीचा दोष नव्हे, तर गुणवत्ता-नियंत्रणाची व्यवस्थाच नसणे हे मूळ कारण म्हणून पुढे आले. हा श्रीमंत देशातील प्रकार आहे, हे विसरता कामा नये.

डेन्मार्कमधून चालणारी नॉर्डिक्यूसी ही संस्था २००३ पासून अनेक देशांतील प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून त्यांचे रंगकाम तपासते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आढाव्यानुसार स्तन-कर्करोगाच्या चाचण्यांतील सुमारे २० टक्के रंगकाम निदानासाठी अपुरे ठरले होते. त्यात रंग चुकून जास्त उमटण्यापेक्षा कमी उमटण्याचे किंवा न उमटण्याचेच प्रमाण फार मोठे होते. याचा अर्थ असा की, चुकीचा पारडा बहुधा ‘निगेटिव्ह’कडे झुकतो, म्हणजे रुग्णाला उपयोगी औषध न मिळण्याकडे.

अंतर, उन्हाळा आणि फॉर्मलिन

आता ही बाब आपल्या जिल्ह्याच्या भूगोलावर ठेवून पाहावी. समजा, अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या एखाद्या लहान रुग्णालयात शनिवारी संध्याकाळी गाठ काढली गेली. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि त्या द्रावणात तो किमान ६ व कमाल ७२ तास राहायला हवा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फॉर्मलिन नेमक्या प्रमाणात पातळ केलेले आणि आम्लता नियंत्रित केलेले हवे. मोठी गाठ न कापता तशीच बाटलीत कोंबली, तर द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही. तुकडा नुसत्या सलाइनमध्ये ठेवून रविवार उलटला आणि त्यात एप्रिल-मे महिन्यांतील सोलापूरचे ऊन असले, तर रिसेप्टरचे प्रथिन विघटित होऊ लागते. त्यानंतर जगातील सर्वोत्तम प्रतिपिंड वापरले, तरी त्याला धरायला काही उरलेले नसते. अहवाल मात्र ‘निगेटिव्ह’ असाच येतो. रिसेप्टर मुळातच नव्हता की वाटेत नष्ट झाला, हे त्या एका शब्दातून कळत नाही.

ही शंका केवळ कल्पनेतील नाही. भारतातील स्तन-कर्करोगांपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ‘ट्रिपल निगेटिव्ह’, म्हणजे तिन्ही रिसेप्टर नसलेले आढळतात. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे तुलनेने तरुण वयात रोग होतो, हे त्याचे एक खरे कारण आहे. परंतु नमुना हाताळण्यातील आणि रंगकामातील उणिवांचा त्यात काही वाटा आहे का, हे तपासल्याखेरीज सगळे खापर निसर्गावर फोडता येणार नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तन-कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. इतक्या मोठ्या संख्येत चुकीचे प्रमाण शेकडा एक-दोन असले, तरी त्याचा अर्थ हजारो स्त्रिया असा होतो.

बार्शीने घालून दिलेला पायंडा

या विषयात सोलापूर जिल्ह्याने केवळ इतरांकडे पाहत बसण्याचे कारण नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव कार्यकर्ते पाठवून, लोकांना लक्षणे समजावून सांगत रुग्ण शोधण्याची पद्धत तिने रूढ केली. रुग्णालयात येईल त्याचीच नोंद, या शहरी रीतीने खेड्यातील आकडे कधीच खरे ठरले नसते, हे तिच्या प्रवर्तकांनी ओळखले होते.

पुढे बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. विषाणूची चाचणी, पेशींची तपासणी आणि सिरक्याच्या आम्लाने केलेली पाहणी या तीन पद्धतींची तुलना त्यात झाली. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढे जगभरच्या धोरणांना उपयोगी पडला. या अभ्यासाचे मर्म काय होते? चाचणी लोकांवर लादण्यापूर्वी चाचणीचीच चाचणी घेणे. जे बार्शी आणि धाराशिवच्या खेड्यांत साधले, ते रिसेप्टरच्या चाचणीबाबत साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

शिक्का कोणी मारायचा?

बाजार समितीत कांदा मोजणारा काटा ठरावीक मुदतीने वैध मापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर शिक्का नसेल तर व्यापारी दंडास पात्र ठरतो. कांद्याच्या क्विंटलमागे किलोभर फरक पडू नये म्हणून ही व्यवस्था आहे. कर्करोगाच्या औषधाची निवड करणाऱ्या मोजमापाला मात्र इतकी सक्ती नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी निदानाची प्रतिपिंडे आणि संच परवान्याच्या कक्षेत आणले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु संचाला परवाना मिळाला म्हणून तो वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेतील काम आपोआप बिनचूक होत नाही. प्रयोगशाळांसाठीचे एनएबीएलचे मानांकन मुख्यतः ऐच्छिक स्वरूपाचे आहे.

काही उपाय फारसे खर्चिक नाहीत. पहिला असा की, प्रत्येक अहवालावर कोणते प्रतिपिंड वापरले त्याचे नाव, तुकडा फॉर्मलिनमध्ये किती वाजता गेला आणि किती तास राहिला, याची नोंद असावी. दुसरा असा की, गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांमध्ये ईआर सामान्यतः असतोच. त्या नलिकांनाही रंग लागला नसेल, तर चाचणी फसली असण्याची शक्यता धरून ती पुन्हा करावी. या आतल्या नियंत्रणाचा उल्लेख अहवालात असणे २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी निगेटिव्ह आणि जेमतेम पॉझिटिव्ह निकालांसाठी आवश्यक मानले आहे. तिसरा असा की, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेकडे जिल्ह्यातील लहान रुग्णालयांसाठी नमुना-हाताळणीचे प्रशिक्षण आणि ठरावीक प्रमाणात फेरतपासणी सोपवावी. नव्या डे-केअर केंद्राच्या अंदाजपत्रकात खाटा आणि पंपांबरोबर या कामासाठीही एक ओळ असावी.

संशोधनाच्या क्षेत्रालाही हाच नियम लागू व्हावा. विद्यापीठांतील विद्यार्थी परदेशी कॅटलॉगमधून महागडी प्रतिपिंडे मागवतात. अनुदान मिळते ते नव्या शोधासाठी. हाती आलेली कुपी खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी फारसे कोणी पैसे देत नाही. प्रतिपिंड पारखणे हे गौरवाचे काम मानले जात नाही, तोवर बीटासारखे चकवे पुन्हा पडतच राहणार. अशी पारख करून तिचे निकाल सर्वांसाठी खुले करणारे एखादे केंद्र राज्यात उभे राहिले, तर त्याचा लाभ कोणत्याही एका नव्या निबंधापेक्षा मोठा असेल.

खर्च वाढेल, अहवालाला एखादा दिवस जास्त लागेल, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु चुकीच्या ‘निगेटिव्ह’ची किंमत कोण मोजते, हेही हिशेबात धरावे लागेल. ती किंमत प्रयोगशाळा मोजत नाही आणि विमा योजनाही मोजत नाही. गाठीच्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा जपून ठेवण्याची आणि शंका आल्यास तो दुसरीकडे तपासून घेण्याची मागणी रुग्ण आजही करू शकतो. मात्र, ही जबाबदारी एकट्या रुग्णाच्या खांद्यावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. जिल्ह्याच्या केंद्रात पहिली सलाइन लागण्यापूर्वी ती कोणाला आणि कोणत्या मोजमापाच्या आधारे लावायची, याचे उत्तर तयार असले पाहिजे.